अर्हन्नकाचे जहाज आणि आजचा दर्यावर्दी

ज्ञाताधर्मकथा हे श्वेतांबर परंपरेतील सहावे अंग. त्याच्या आठव्या अध्ययनात, मल्लीनाथ प्रभूंच्या चरित्राच्या ओघात, चंपानगरीच्या व्यापाऱ्यांची एक कथा येते. हे व्यापारी समुद्रावर निघाले आहेत आणि गाड्यांवर माल चढत आहे. माल चार प्रकारचा आहे. गणिम म्हणजे मोजून द्यावयाचा, धरिम म्हणजे तराजूत तोलून द्यावयाचा, मेय म्हणजे मापाने द्यावयाचा आणि परिच्छेद्य म्हणजे पारखून घ्यावयाचा. भंडाऱ्याच्या बाजारात ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांना ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही. नारळ मोजून जातो, पितळेचे भांडे तोलून जाते, धान कालपरवापर्यंत पायली-कुडोने मापले जाई आणि मोहाडी-आंधळगावचा कोसा बोटांनी पारखल्यावाचून आजही कोणी घेत नाही. फरक इतकाच की चंपेचा माल गंभीर नावाच्या बंदरात जहाजावर चढला, तेव्हा मालाबरोबर मालकही चढला. भंडाऱ्याचा माल समुद्रापार गेला. माणूस मात्र काठावरच राहिला.

म्हणूनच भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या घरात बारावीचा निकाल लागल्यावर मुलगा ‘मर्चंट नेव्ही’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा घर गप्प होते. दुकानाचे काय, खाण्यापिण्याचे काय, धर्माचे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात. हे प्रश्न रास्त आहेत. परंतु ते नवे आहेत अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. जैन वाङ्मयात समुद्रावर गेलेल्या माणसांचे अनुभव इतक्या बारकाईने आले आहेत की आजच्या घरालाही त्यांतून पुष्कळ घेता यावे.

चंपेच्या त्या व्यापाऱ्यांचा प्रमुख अर्हन्नक हा जीवाजीवादी तत्त्वे जाणणारा श्रावक होता. निघण्यापूर्वी त्याने मित्रांना आणि ज्ञातिबांधवांना जेवू घातले, त्यांचा निरोप घेतला आणि राजाज्ञेचा परवाना बरोबर ठेवला. कथा जहाजावरील कामकऱ्यांचीही नोंद घेते. सुकाणू धरणारा कर्णधार, बाजूंना राहून वल्ही चालवणारे आणि जहाजाच्या पोटात काम करणारे असे निरनिराळे लोक त्यात येतात. खोल पाण्यात गेल्यावर अकाली गर्जना झाल्या, विजा चमकल्या आणि एका देवाने पिशाचाचे अक्राळविक्राळ रूप घेऊन जहाज अडवले. इतर व्यापारी भयाने एकमेकांना बिलगले आणि आठवेल त्या देवतेला नवस बोलू लागले. अर्हन्नकाने वस्त्राच्या टोकाने जागा पुसली, तेथे बसला आणि सागारी अनशन घेतले. या उपसर्गातून सुटलो तर पारणे करीन, नाही तर हेच शेवटचे, असा त्याचा संकल्प होता. व्रते सोड, नाही तर दोन बोटांनी जहाज उचलून आकाशात नेतो आणि बुडवतो, असे देवाने पुनःपुन्हा धमकावले. अर्हन्नक हलला नाही. अखेर देवानेच क्षमा मागितली आणि कुंडलांच्या दोन जोड्या दिल्या. त्यांपैकी एक जोडी त्याने मिथिलेच्या कुंभ राजाला भेट दिली, दुसरी परत आल्यावर चंपेच्या राजाला.

या कथेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. श्रावकाने समुद्रावर जावे की नाही, हा प्रश्नच कथेत कोठे उपस्थित होत नाही. परीक्षा जाण्याची नाही; गेल्यावर व्रत टिकते की नाही, याची आहे. उत्तराध्ययनातील पालित श्रावकही भगवान महावीरांचा शिष्य. तो जहाजाने पिहुंड नगराला गेला, तेथे व्यापार केला, तेथेच लग्न केले. परतीच्या वाटेवर पत्नी समुद्रावरच प्रसूत झाली, म्हणून मुलाचे नाव समुद्रपाल ठेवले. पुढे तोच दीक्षा घेऊन मुनी झाला.

ज्ञाताधर्मकथेतीलच माकंदी सार्थवाहाचे दोन पुत्र, जिनपालित आणि जिनरक्षित, अकरा वेळा समुद्र ओलांडून धन मिळवून परतले होते. बाराव्या वेळी आईवडिलांनी आडकाठी केली. समुद्र पापाचा आहे असे ते म्हणाले नाहीत. घरात पिढ्यान्पिढ्या पुरेल इतके आहे आणि बारावी यात्रा विघ्नाची असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलांनी ऐकले नाही. जहाज फुटले आणि दोघे एका फळीच्या आधाराने रत्नद्वीपाला लागले. पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहाव्या दिग्व्रताचा विचार मात्र अशा घरात अवश्य व्हावा. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, वर आणि खाली किती अंतरापर्यंत जाईन, याची मर्यादा आधी ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. ठरवलेली मर्यादा विसरणे हा अतिचार, आणि एका दिशेची मर्यादा कमी करून दुसरीकडची वाढवणे हाही अतिचार. ज्याने आयुष्यभरासाठी एखाद्या प्रदेशापुरती मर्यादा घेतली आहे, त्याला समुद्राची नोकरी घेता येणार नाही. ज्याने अजून घेतलेली नाही, त्याने ती जहाजावर चढण्यापूर्वी गुरुमहाराजांशी बोलून घ्यावी. जहाज कोठे जाणार हे मालाच्या भाड्यावर ठरते, नोकराच्या इच्छेवर नाही. निघाल्यावर मर्यादा बदलत बसणे म्हणजे व्रत घेतले नसल्यासारखेच आहे.

साधूंची गोष्ट वेगळी. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराजांना आले होते. साधुमर्यादेमुळे ते जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या तरुण श्रावकाला तयार करून पाठवले. समुद्र ओलांडल्याबद्दल वीरचंदभाईंना समाजातील काही मंडळींचा रोष पत्करावा लागला. आज त्याच समाजाला त्यांचा अभिमान वाटतो.

आता आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची एक बैठक पाहू. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याच्या, व्यापाऱ्यांची एक रीत आली आहे. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला स्थानिक मंडळी एकत्र बोलावत, गंध-माला-तांबूल देऊन सत्कार करत आणि कोठून आला, काय नेले, काय आणले हे विचारत. एक सांगतो, घोडे नेले आणि हत्ती आणले. दुसरा म्हणतो, सुपारी नेऊन घोडे आणले. कोणी मोती देऊन चवऱ्या आणल्या, कोणी म्हशी-रेडे चीनला नेऊन रेशीम आणले, कोणी पळसाची फुले सुवर्णद्वीपाला नेऊन सोने आणले. एक तर सांगतो की रत्नद्वीपाला कडुलिंबाची पाने नेली आणि रत्ने घेऊन आलो.

तक्षशिलेकडून आलेला धनदेव हे सारे ऐकत असतो. त्याच्या मनात कडुलिंब आणि रत्ने एवढेच उरते. त्याला आश्रय देणारा भद्रश्रेष्ठी सांगतो की आपण सात वेळा समुद्रावर गेलो आणि सातही वेळा जहाज फुटले. तरी धनदेव त्याला पुन्हा निघायला भाग पाडतो. परतीच्या वाटेवर वाटा द्यावा लागू नये म्हणून तो भद्रश्रेष्ठीलाच समुद्रात ढकलतो. ग्रंथात त्याचे नाव लोभदेव पडते. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह या पाच विकारांपैकी लोभाचे उदाहरण म्हणून आचार्यांनी हा समुद्रप्रवास योजला आहे.

बैठकीत अनुभव सारेच सांगतात. ऐकणारा बहुधा नफाच ऐकतो. आज सोपाऱ्याच्या बैठकीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. त्यावर पांढरा गणवेश, डॉलरमधला पगार आणि परदेशी बंदरे दिसतात. भद्रश्रेष्ठीच्या सात फेऱ्या दिसत नाहीत.

भंडाऱ्याचा समुद्राशी आलेला मोठा संबंध मँगनीजचा. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींचे नाव देशभर आहे. जुन्या मध्य प्रांताचे खनिज पूर्वी लांबच्या रेल्वेने मुंबई-कलकत्त्याकडे जाई. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, त्यामागे मध्य प्रांताच्या खनिजाला जवळची वाट मिळावी हाही एक मोठा हेतू होता. त्याच बंदराच्या काठी पुढे एका महाराष्ट्रीय जैन उद्योजकाने जहाजांचा कारखाना उभारला.

ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी. जन्म १८८२, सोलापूर. वडील हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले होते, हे या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटेल. वालचंदांनी सुरुवात केली ती लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या कंत्राटांपासून. समुद्राचा व्यवसाय त्यांच्या घरात नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायचे आहे असे त्यांना समजले. युद्धकाळात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतले आणि शिंद्यांच्या नावावरून ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी स्थापली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा वालचंद स्वतः जहाजावर होते. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दिन साजरा होतो म्हणून ती यात्रा सुखाची होती असे मात्र नव्हे. जहाज जुने होते. इंग्रज कंपन्यांनी माल मिळू न देण्यासाठी शक्य ते सारे केले आणि काही वर्षांतच ‘लॉयल्टी’ मोडीत काढावे लागले. लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीने भाडी पाडली आणि नंतर सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. भागीदारांनी नकार दिला. १९२३ मध्ये मात्र दहा वर्षांचा करार स्वीकारावा लागला. ७५,००० टनांच्या पुढे जहाजे वाढवायची नाहीत आणि किनारी वाहतुकीबाहेर जायचे नाही, अशी त्यातील बंधने वालचंदांना सलत राहिली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या कारखान्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. व्यापारी घरांनी लक्षात घ्यावे असे यात एक आहे. पहिल्या जहाजापासून स्वतः बांधलेल्या जहाजापर्यंत २९ वर्षे लागली.

या जहाजांवर राबणारे हात कोणाचे होते? सारंग, तांडेल, सुकाणी ही माणसे कोकणच्या आणि इतर किनाऱ्यांची. स्वयंपाक्याला त्यांच्या बोलीत ‘भंडारी’ म्हणत, हा आपल्या जिल्ह्याच्या नावाशी जुळलेला योगायोग गमतीचा आहे. अधिकारी मात्र इंग्रज. भारतीय मुलांना अधिकारी होण्याचे शिक्षण देणारे ‘डफरिन’ जहाज १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाले, तेव्हा कोठे ही वाट उघडली. ‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली. आज २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतून मुले-मुली या क्षेत्रात जातात. होय, मुलीही.

आता खाण्यापिण्याकडे वळू, कारण घरातील खरी चर्चा तेथेच अडते. लांबच्या प्रवासात पालेभाजी आठ-दहा दिवसांत संपते. पुढे टिकतात ते बटाटे, कांदे आणि गाजरे, म्हणजे नेमके कंदमूळ. ज्याचा जमीनकंदाचा त्याग आहे त्याच्या ताटात भात, डाळ, पोळी, कोबी आणि गोठवलेला वाटाणा एवढेच बहुतेक दिवस राहते. स्वयंपाकघर एकच, आचारी एकच, आणि शेजारच्या भांड्यात मांस शिजत असते. भारतीय कर्मचारी असलेल्या जहाजावर शाकाहारी जेवण सहसा मिळते. निरनिराळ्या देशांचे लोक असतील तर कठीण जाते. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने जेवणात कामगाराचा धर्म आणि आहाराच्या चालीरीती लक्षात घेणे बंधनकारक केले आहे आणि भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला आहे. म्हणून शाकाहारी जेवण मागण्याचा हक्क आहे. वेगळे भांडे मागण्याचा हक्क मात्र त्यातून निघत नाही, हे आधीच ओळखलेले बरे. घरचे खाखरे, मुगवड्या आणि सुके पीठ येथे उपयोगी पडते. पर्युषणात हिरवे वर्ज्य करणाऱ्या घरांना सुक्या पदार्थांवर दिवस काढण्याची कला ठाऊक असतेच. ऑस्ट्रेलियासारख्या देशात बाहेरचे अन्न आणण्यावर कडक निर्बंध आहेत, तेवढे सांभाळावे.

एका बाबतीत जहाज घरापेक्षाही सोयीचे ठरते. संध्याकाळचे जेवण तेथे साडेपाच-सहाच्या सुमारास होते, त्यामुळे उष्ण प्रदेशात चौविहार पाळणे दुकानदारापेक्षा खलाशाला सोपे. उत्तरेकडच्या समुद्रात हिशेब बिघडतो, कारण हिवाळ्यात सूर्य दुपारीच मावळतो आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच तयार होते. परंतु ते यंत्रात हवेचा दाब कमी करून, पुष्कळ कमी उष्णतेवर वाफ करून मिळवलेले असते. उकळलेल्याच पाण्याचा नियम असणाऱ्याने ते ‘उकळलेले’ समजू नये. वेगळे उकळून घ्यावे.

कामाच्या पाळ्या चार तासांच्या, मध्ये आठ तास विश्रांती. विश्रांतीत झोप आणि इतर कामेही येतात, तरी ४८ मिनिटांचे सामायिक बसवता येते. अडचण येते तिथीची. अमेरिकेहून आशियाकडे येणारे जहाज प्रशांत महासागरातील वाररेषा ओलांडते, तेव्हा पंचांगातील एक तारीख जहाजावर उगवतच नाही. उलट दिशेने जाताना तीच तारीख दोनदा येते. तो दिवस संवत्सरीचा निघाला तर प्रतिक्रमण केव्हा करावे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

मालाचाही विवेक करावा लागतो. जिवंत जनावरे नेणारी जहाजे असतात, मांस नेणारी शीतजहाजेही असतात. श्रावकाने ती टाळावीत. कंपनी निवडतानाच ती कोणत्या प्रकारची जहाजे चालवते हे विचारावे. कंटेनरमध्ये काय आहे हे मात्र कर्मचाऱ्याला बहुधा कळत नाही.

धोक्याविषयी घरात मोघम भीती असते, नेमकी माहिती नसते. तुमसरच्या भातगिरणीवाल्याला एक धोका क्षणात समजेल. धानाची ओल १७ टक्क्यांवर गेली तर सरकारी खरेदीत ते नाकारले जाते, म्हणून प्रत्येक पोत्याला ओलावा मोजणारे यंत्र लागते. बारीक खनिजालाही ओलाव्याची अशीच मर्यादा असते. ती ओलांडलेला माल जहाजाच्या हेलकाव्यांनी चिखलासारखा वाहू लागतो, एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडते. २००९ च्या पावसाळ्यात लोहखनिजाचा चुरा घेऊन निघालेले ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ बुडाले आणि काही आठवड्यांनी ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ. दुसरा धोका बंद कोठारांचा. खनिज, कोळसा, धान्य हा माल हवेतील प्राणवायू शोषतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपल्याकडे कंदील सोडून पाहत. जहाजावर हे काम यंत्राने होते. ते न करता घाईने उतरणारे जीव गमावतात, आणि त्यांना वाचवायला धावणारेही. याखेरीज वादळे, चाचे, युद्धाचे प्रदेश आहेतच. २०२० मध्ये करोनाच्या काळात जगभरातील सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता ही नोकरी दुकानासारखी नाही, हंगामासारखी आहे. करार काही महिन्यांचा. उतरल्यावर पुढचा करार मिळेपर्यंत बहुतेकांना पगार नाही. अधिकारी होण्यासाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित यांत ६० टक्के गुण, प्रवेशपरीक्षा आणि कंपनीचे प्रायोजकत्व लागते. प्रायोजकत्व नसेल तर पदविका हातात असूनही जहाज मिळण्यासाठी मुले वर्षानुवर्षे थांबतात. रंगांधत्व असेल तर वाट तेथेच बंद होते, म्हणून एक रुपयाही भरण्यापूर्वी नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. भरती करणाऱ्या संस्थेकडे याच महासंचालनालयाचा परवाना हवा. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोकरी मिळवून देण्यासाठी दर्यावर्दीकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. लाखांची मागणी करणारा दलाल कितीही ओळखीचा असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावे. पगारावर प्राप्तिकर लागतो की नाही हे वर्षातील किती दिवस भारताबाहेर गेले यावर ठरते. बंदरात उतरल्या-चढल्याचे शिक्के सीडीसी या खलाशाच्या पुस्तिकेत असतात, तेव्हा तिची प्रत घरच्या सनदी लेखापालाकडे ठेवावी.

सर्वांत अवघड हिशेब पैशाचा नाही. जहाज भर समुद्रात असताना घरी कोणाचे निधन झाले तर मुलगा दोन दिवसांत पोहोचू शकत नाही. पुढचे बंदर यायला पंधरा दिवसही लागतात आणि तेथे बदली माणूस मिळावा लागतो. अग्नी कोण देणार, आजारी वडिलांच्या उशाशी कोण बसणार, दुकानाची किल्ली कोणाकडे राहणार, हे मुलगा समोर असतानाच ठरवावे लागते. अर्हन्नकाने निघण्यापूर्वी ज्ञातिबांधवांना बोलावले होते, ते केवळ जेवणासाठी नसावे. आजही जहाजावर चढण्यापूर्वी प्रत्येकाला वारसाचा अर्ज भरावा लागतो. त्यात नाव, नाते, पत्ता आणि रात्री-अपरात्री लागेल असा फोन लिहायचा असतो. हा अर्ज मुलाने वसतिगृहात एकट्याने भरू नये. तो घरी आणावा, आणि आईवडिलांनी शेजारी बसून भरून घ्यावा.